वाघजाईचा पांढरा डोह

१

वैशाखातल्या एका शनिवारी उजाडताना विठाबाई काठावरच्या कर्दळीला पाणी घालायला आली आणि घागर तिथेच ठेवून उभी राहिली. डोहातले मासे वर आले होते. पोट आकाशाकडे आणि तोंडं उघडी.

तिने आरडाओरडा केला नाही. सरळ तालमीच्या दारात गेली आणि म्हणाली, "मासं मेलं."

थोड्याच वेळात सगळी गल्ली डोहाभोवती जमली. हे मासे म्हणजे त्या गल्लीचा अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी वाघजाईच्या ओढ्याला कोणी ओढा म्हणत नसे. तो नाला होता. माणसं नाक धरून पूल ओलांडत. मग एका रविवारी तालमीतली पोरं खोरी-पाट्या घेऊन उतरली, त्यांच्यामागून बायका उतरल्या, आणि त्यानंतर एकही रविवार रिकामा गेला नाही. गाद्या निघाल्या, फुटक्या कमोडचे तुकडे निघाले, एका स्कूटरचा सांगाडा निघाला. घरांचे पाइप ओढ्यातून काढून मोठ्या गटाराला जोडले गेले. वाळूची पोती रचून लहानसा डोह बांधला, काठावर कर्दळ लावली. मागच्या दिवाळीत मुलांनी कळंब्याच्या तलावातून बादल्यांनी मासे आणून सोडले. त्या दिवसापासून लोक पुन्हा ओढा म्हणू लागले.

या सगळ्याचे पुढारी होते गणपतराव. जुने मल्ल, साठी ओलांडलेले, गोठ्यात दहा-बारा म्हशी. संध्याकाळी त्यांच्या दूध कट्ट्यावर माणसं पेले घेऊन उभी राहत आणि समोर काढलेलं फेसाळ दूध तिथेच पीत. आता ते गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक मासा पाटीत उचलत होते.

"दोन वर्सं चिखल उपसलाय ह्या हातांनी," ते म्हणाले. "ज्यानं हे केलंय त्याचा पाइप मी सिमेंटनं बुजवणार. आन त्यालाबी हितनं हलवणार."

कोणी नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. पुलापलीकडे पत्र्याचा एक गाळा होता. तिथे सोमशेखर चांदीचे पैंजण तेजाबात धुऊन उजळायचा. गाळा गणपतरावांच्याच मालकीचा होता.

सोमशेखर दारातच उभा होता.

"उद्या सांजच्याला तालमीत बैठक हाय," गणपतराव त्याला म्हणाले. "येताना किल्ली घिऊन ये."

२

शालूबाई काठी टेकत आल्या तेव्हा गर्दी पांगली होती. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर दर रविवारी त्या याच काठावर मुलांना घेऊन बसत. गल्ली त्याला ओढ्याची शाळा म्हणे. गल्लीतल्या निम्म्या माणसांचे कान त्यांनी कधी ना कधी पिरगाळलेले होते.

मुलं त्यांच्याभोवती आली. एक मुलगी रडत होती.

"बाई, कुणी मारले?"

"ते मागाहून बघू," शालूबाई पायरीवर बसत म्हणाल्या. "आधी सांगा, कसे मेले? नीट बघा. मला डोळ्यांनी कमी दिसतं, तुम्हीच सांगा."

मुलांनी पाहिलं. तोंडं उघडी. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही. पाण्यावर मळकट पांढरी साय धरलेली, वास आंबूस.

"आणि वर, पाणी खडकावरून पडतं तिथे?"

एक मुलगा पळत गेला आणि ओरडतच परत आला. तिथे मासे जिवंत होते. अगदी पडत्या पाण्याच्या खाली दाटी करून राहिले होते.

"हे लक्षात ठेवा," शालूबाई म्हणाल्या. "वरचे जगले, खालचे मेले."

वरच्या अंगाला ओढ्यात उतरणारी एक जुनी दगडी पायरी होती. तिच्या खाचेत एक भुरी मांजर अंग आखडून बसली होती आणि दगड चाटत होती. शालूबाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

मग त्या पूल ओलांडून गाळ्यात गेल्या. आत सोमशेखर हत्यारं खोक्यात भरत होता.

"एवढ्यात आवराआवर?"

"अक्का, उद्या धावपळ नको." त्याने त्यांना स्टूल पुढे केलं. तो निपाणीकडचा, शालूबाईंना पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा. "पाच माणसं हायत माझ्याकडं. त्यांना आजच सांगितलं, दुसरीकडं बघा म्हणून. पोरीची, विद्याश्रीची, दहावी हाय यंदा. शाळा हितलीच. कुठं जायचं?"

"तेजाब ओढ्यात गेलं का?"

"न्हाय की." त्याने कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. "वापरलेलं तेजाब ह्यात वततो, वर चुना घालतो, मरू देतो. तुम्हीच शिकवलंय. पाइप तर गेल्या वर्षीच बुजवला." तो थांबला. "पण पाणी पांढरं झालंय. लोक म्हणतात, चुना तुझाच. मला स्वतःलाच आता भ्या वाटतंय, पिंप कुठं झिरपलं का काय."

"काम कधी कधी चालू होतं?"

"शुक्रवारी दिवसभर, उशिरापर्यंत. लग्नसराई हाय. गुरुवारी गाळा बंद होता, मी हुपरीला माल पोचवायला गेलतो."

शुक्रवारी त्याची यंत्रं उशिरापर्यंत घरघरत होती, हे गल्लीने ऐकलं होतं. शनिवारी मासे मेले. गल्लीला एवढं पुरेसं होतं.

"खोकी तशीच राहू दे," शालूबाई उठत म्हणाल्या. "भरलेलं पुन्हा सोडायचा त्रास कशाला?"

३

दुपारी मुलं बाईंच्या अंगणात जमली. परातीत जास्वंदीची फुलं चुरगळून त्यांचा रस कागदाच्या पट्ट्यांना लावलेला होता. शेजारी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पिवळ्या पट्ट्या होत्या.

"तेजाब लागलं की जास्वंदीचा कागद लाल होतो," बाईंनी एका पट्टीवर लिंबू पिळून दाखवलं. "चुना लागला की हळदीचा कागद लाल होतो. पान खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघा, उगाच लाल होत नाही."

मुलं हसली. मग बादलीतल्या डोहाच्या पाण्यात एकेक पट्टी बुडवली.

जास्वंदीचा कागद जांभळाच राहिला. हळदीचा पिवळाच राहिला.

"म्हणजे तेजाब नाही," सकाळी रडणारी मुलगी म्हणाली.

"आणि चुनाही नाही," दुसऱ्याने पूर्ण केलं.

"मग पांढरं काय आहे?"

शालूबाईंनी पुडीतून पांढरट खवला काढला. तो त्यांनी दगडी पायरीच्या खाचेतून, मांजरीला हाकलून, नखाने खरवडून आणला होता. त्यावर लिंबू पिळलं. वाळलेला चुना असता तर फसफसला असता. हा गप्प राहिला. मग त्यांनी थोडा खवला एका मुलाच्या बोटावर चोळला.

"कसं लागतं?"

"तुळतुळीत. तुपासारखं." त्याने बोट हुंगलं. "आंबूस वास येतोय."

बाई मान डोलावत राहिल्या. गल्लीत पांढरं पाणी ओढ्यात जाऊ शकेल अशी आणखी दोन घरं होती. एक आकाराम रंगाऱ्याचं, चुन्याच्या बादल्या धुणाऱ्याचं. चुना नाही म्हटल्यावर तोही सुटला. दुसरं घर विठाबाईचं. तिच्या खानावळीत रोज मोठं पातेलंभर भात शिजे आणि त्याची पेज निघे. पेज पांढरी असते, आंबते आणि मांजरीलाही चालते.

आणि मासे मेल्याचं सगळ्यांत आधी तिनेच पाहिलं होतं.

४

विठाबाई चुलीपुढे होती. शालूबाईंना पाहून तिने न विचारता आधण ठेवलं.

"आज दुधाचा देते बाई. परवा रात्री तुमी आलता तवा कोरा चा द्यावा लागला, मनाला लई लागलं."

"त्यात काय. विठाबाई, या आठवड्यात तुझी भाताची पेज कुठे गेली?"

विठाबाई चमचा हातात धरून वळली. "आलं ध्यानात. माझ्यावर पाळी आली व्हय?"

"सगळ्यांवर आलीय. तू पहिली नाहीस."

"पेज गणपतअण्णांच्या म्हशींस्नी जाती. थेंब न्हाय सांडत. अण्णांचा गडी घागर घिऊन दारात बसलेला असतोय." ती रागावली होती, पण चहात साखर नेहमीइतकीच घालत होती. "आन गुरवारी तर पेजच न्हवती. भातच घातला न्हाय मी. सगळी गल्ली कुस्तीच्या मैदानाला गेलती, जेवाय कोण येतंय?"

शालूबाईंनी तरीही खवल्याचा तुकडा काढला, घरून आणलेल्या बाटलीतला आयोडीनचा थेंब त्यावर टाकला. भातावर टाकला की काळानिळा होतो, हे विठाबाईला त्यांनी तिच्याच ताटातल्या शितावर दाखवलं. खवल्यावर फक्त तपकिरी डाग पडला.

"झालं समाधान?" विठाबाईने विचारलं.

"झालं. आता मला एक सांग. तू रोज सकाळी कर्दळीला पाणी घालतेस. पाणी पांढरं कधीपासून दिसलं?"

"शुक्रवारीच दिसलं की. उजाडताना. मी म्हटलं आकारामनं बादली धुतली आसंल, त्याच्या आयला जाऊन सांगावं. मग इसरून गेले."

शालूबाईंनी कप खाली ठेवला. सगळी गल्ली शुक्रवारच्या मागे लागली होती. पण पाणी शुक्रवारी उजाडतानाच पांढरं होतं. जे काही ओढ्यात पडलं ते गुरुवारी पडलं. त्या दिवशी सोमशेखर हुपरीला होता.

बाहेर आकाराम शिडी खांद्यावर घेऊन चालला होता. बाईंनी त्याला थांबवलं.

"गुरुवारी मैदानाला कोण कोण होतं रे?"

"आख्खी गल्ली हुती बाई. बारकं पोरगंबी माघारी न्हवतं." त्याने शिडी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "खरं सांगू का, मजा आली न्हाय. गणपतअण्णा न्हवते. म्हस व्याली म्हणून ऱ्हायले म्हणं. अण्णांशिवाय मैदान म्हंजे मिठाशिवाय रस्सा."

शालूबाईंनी विठाबाईच्या चुलीवरच्या दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं. मग त्या काठी टेकत घराकडे गेल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत होतं.

५

रविवारी संध्याकाळी तालमीत बसायला जागा नव्हती. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला गणपतराव मांडी घालून बसले होते. सोमशेखरने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली आणि मागे जाऊन उभा राहिला.

"किल्ली उचलण्याआधी मुलांना थोडं बोलायचं आहे," शालूबाई म्हणाल्या.

"बाई, शाळा सुटली की आमची कवाच," मागून कोणीतरी म्हणालं.

"तुझी सुटली नाही, तू पळालास. बस खाली."

हशा झाला आणि वातावरण थोडं सैल झालं. मुलांनी जांभळी आणि पिवळी पट्टी दाखवली. तेजाब नाही, चुना नाही, पेज नाही, हे एकेकाने सांगितलं. गुरुवारी सकाळी पाणी निवळ होतं आणि शुक्रवारी उजाडताना पांढरं, हे विठाबाईने उभं राहून सांगितलं.

"मग मासं मेलं कशानं?" गणपतरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरी तळमळ होती.

"गुदमरून. पाण्यातही हवा असते, गणपतराव, विरघळलेली. मासे त्यावरच जगतात. तोंडं उघडी होती ती त्यासाठी. वर पाणी खडकावरून आपटतं, त्यात हवा मिसळते, म्हणून वरचे जगले."

"आन डोहातली हवा कुणी खाल्ली?"

"पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना खायला फार मिळालं की ते फार वाढतात, आणि सगळी हवा तेच संपवतात. त्याला एक-दीड दिवस लागतो. म्हणून गुरुवारचं शनिवारी कळलं. विष पडलं असतं तर इतका वेळ लागला नसता. हे विष नव्हतं. खाणं होतं. चांगलं, सकस, स्निग्ध. पांढरं. मांजर दोन दिवस दगड चाटते आहे असं."

एका लहान मुलीने न राहवून म्हटलं, "दूध."

"दूध," शालूबाई म्हणाल्या. "पेलाभर नव्हे. डोह पांढरा होईल इतकं. आणि गुरुवारी आपल्या गल्लीत चहाला दूध नव्हतं."

त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. काठीच्या मुठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

मग गणपतराव उठले.

"बाई, फुडचं मी सांगतो."

त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"आमच्या घरची एक रीत हाय. म्हस व्याली की त्या सांजचं दूध आदी वाघजाईच्या पाण्याला. आज्जा वाहायचा, बा वाहायचा. कुणी बघायचं न्हाय, कुणाला सांगायचं न्हाय. बोलून दावलं की वाहिलेलं फुकट. मग वढ्याचा नाला झाला. घाणीत दूध कुठनं वतायचं? बंद केलं. तीस वर्सं झाली. म्हशी येत ऱ्हायल्या, दूध वाढत ऱ्हायलं, आन मला रोज वाटायचं, वाघजाईचं ऱ्हायलंय." त्यांनी ओढ्याच्या बाजूला पाहिलं. "मासं दिसाय लागलं, तवा ठरवलं. आता म्हस व्याली की सगळं ऱ्हायलेलं एकदम द्यायचं. समदी गल्ली मैदानाला गेलती. सगळ्या म्हशींच्या किटल्या पायरीवरनं सोडल्या. एक थेंब घरात ठिवला न्हाय."

कोणीतरी खोकलं.

"दूध हो बाई," ते म्हणाले. "दुधानं कुणी मरतंय असं माझ्या सपनातबी न्हवतं."

"माझ्याही नव्हतं, शिकले नव्हते तोवर," शालूबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी वाकून किल्ली उचलली. गर्दीतून वाट काढत ते मागे गेले. सोमशेखरच्या हातात किल्ली ठेवली, पण त्याचा हात सोडला नाही.

"पाइप बुजवणार हुतो मी तुझा."

"पाइप न्हाईच हाय अण्णा," सोमशेखर म्हणाला. "गेल्या वर्षी तुम्हीच बुजवलाय."

सगळ्यांत आधी विठाबाई हसली. मग गल्ली हसली. शेवटी गणपतरावही हसले, आणि पटक्याच्या टोकाने डोळे पुसले.

६

सोमवारी पोरांनी वाळूची पोती बाजूला केली, डोह वाहू दिला, तळ धुतला आणि पुन्हा पोती लावली. वरच्या खडकाखाली जगलेले मासे हळूहळू खाली उतरले. मुलांनी बाईंच्या सांगण्यावरून खडकांची आणखी एक रांग रचली, म्हणजे पाणी दोनदा आपटेल. पावसाळाभर तो आवाज गल्लीत ऐकू येई.

दिवाळीच्या सुमाराला गणपतरावांची दुसरी म्हैस व्याली. या वेळी त्यांनी संध्याकाळी सगळ्या गल्लीला पायरीवर बोलावलं. शिंगांना गुलाल लावलेली म्हैसही काठावर आणून बांधली. किटल्या ओळीने मांडल्या होत्या. त्या बघून शालूबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"काळजी करू नका बाई," गणपतराव म्हणाले. "आज बोलून वाहणार. वाघजाई मला समजून घील."

सोमशेखर पुढे आला. त्याने खिशातून कापडाची पुडी काढून सोडली. आत चांदीची वाटी होती. झगझगीत उजळलेली, कडेला बारीक नक्षी, आणि आकाराने बोराएवढी.

गणपतरावांनी ती तळव्यावर घेतली. इतक्या मोठ्या तळव्यावर ती हरवल्यासारखी दिसत होती.

"आरं, ही बाहुलीची हाय का काय?"

"तुमचीच हाय, अण्णा. अक्कांना विचारून माप घेतलंय."

बाई ओढ्याकडे बघत होत्या. विद्याश्री तोंडावर ओढणी धरून हसत होती.

गणपतरावांनी वाटी दुधाने भरली. पायरी उतरले, वाकले आणि पाण्यात कलती केली. पांढरी रेघ उमटली, पसरली आणि नाहीशी झाली. खालून चार-पाच मासे वर आले, तिथे घुटमळले आणि पुन्हा तळाशी गेले.

ते बराच वेळ तिथेच वाकून बघत राहिले. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाले.

"पुरलं की," ते म्हणाले आणि किटल्यांकडे वळून पोरांना हाक मारली, "पेलं आणा रं."